गोठलेल्या तळ्यावरील मासेमारीसाठी पॉवर ऑगर कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-कॅनडातल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ऑन्टारिओ, मॅनिटोबा अशा भागांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना बर्फावरील मासेमारीचा नाद शेजाऱ्यापाजाऱ्यांमुळे लागतो. पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत दुसऱ्याचा ऑगर, म्हणजे बर्फात भोक पाडणारे स्क्रूसारखे साधन, वापरून भागते. मग स्वतःचा घ्यावासा वाटतो आणि दुकानात गेल्यावर सीसी, व्होल्ट, इंच आणि टॉर्क यांच्या आकड्यांनी गोंधळ उडतो. त्या टप्प्यावर असलेल्यांच्या मनात येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. तापमान सेल्सिअसमध्ये दिले आहे. ऑगर आणि बर्फ मात्र तिकडे इंचातच मोजतात, म्हणून इंच तसेच ठेवले आहेत.

हाताने फिरवायचा ऑगर स्वस्त मिळतो. मग पॉवर ऑगर कशासाठी?

बर्फ पाच-सहा इंचांचा असेल आणि दिवसभरात तीन-चार भोके पाडून एका जागी बसायचे असेल, तर सहा इंची हातऑगरसारखे दुसरे साधन नाही. तो हलका असतो, त्याला इंधन लागत नाही, बॅटरी लागत नाही आणि तो सुरू होईल की नाही ही धाकधूक नसते. परंतु जानेवारी उलटला की उत्तर मिनेसोटात बर्फ दोन फुटांच्या पुढे जातो आणि लेक विनिपेगवर हिवाळ्याच्या अखेरीस तो तीन फुटांच्याही वर आढळतो. अशा बर्फात हाताने चार भोके पाडली की खांदे बोलू लागतात.

दुसरे कारण मासेमारीच्या बदललेल्या पद्धतीत आहे. आता सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणारे उपकरण, घेऊन एका भोकावरून दुसऱ्या भोकावर जात माशांचा ठाव घेतला जातो आणि त्यासाठी सकाळीच ओळीने पंधरा-वीस भोके पाडून ठेवण्याची रीत आहे. हाताने हे काम करणारा माणूस दुपारपर्यंत दमतो आणि मग मासे नसलेल्या जागीच आळसाने बसून राहतो. पॉवर ऑगरचा खरा फायदा हा आहे की जागा बदलण्याचा कंटाळा येत नाही.

‘विश्वासार्ह’ ऑगर म्हणजे नेमका कोणता?

जाहिराती विश्वासार्हतेचा संबंध ताकदीशी जोडतात. आमचे मत वेगळे आहे. ताकद कमी पडल्यामुळे बंद पडलेला ऑगर क्वचितच पाहायला मिळतो. जे ऑगर ऐन वेळी दगा देतात ते बोथट पात्यांमुळे, कार्ब्युरेटरमध्ये चिकटून बसलेल्या जुन्या पेट्रोलमुळे, थंडीने गारठलेल्या बॅटरीमुळे किंवा सैल झालेल्या बोल्टमुळे. म्हणून उणे पंचवीस अंशांत सकाळी सहा वाजता पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू होणारा, ज्याची पाती गावातल्या दुकानात मिळतात आणि जो हातमोजे न काढता हाताळता येतो, तो विश्वासार्ह, असे मानावे. घरापासून दोन तासांवरच्या तळ्याच्या मध्यभागी पाते तुटले आणि त्याचे सुटे भाग फक्त इंटरनेटवर मागवावे लागत असले, तर इंजिनाचे सीसी कितीही असोत, त्यांचा काही उपयोग नाही.

भोक सहा इंचांचे पाडावे, आठ की दहा?

सर्वांत जास्त चुका या प्रश्नावर होतात, कारण सहा आणि आठ यांतला फरक कानाला लहान वाटतो. भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहा इंची भोकाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, आठ इंचीचे सुमारे ५० आणि दहा इंचीचे सुमारे ७८.५. म्हणजे सहावरून आठवर गेल्यास यंत्राला प्रत्येक भोकामागे पाऊणपट जास्त बर्फ कापावा लागतो आणि आठवरून दहावर गेल्यास आणखी निम्म्याहून थोडा अधिक. दोन फूट जाडीच्या बर्फातले आठ इंची भोक एक घेतले, तरी त्यातून जवळपास २० लिटर, म्हणजे सुमारे १८ किलो बर्फ बाहेर काढावा लागतो. हा बर्फ पेट्रोल किंवा बॅटरी खर्चूनच निघतो.

म्हणून आधी मासा ठरवावा. यलो पर्च, क्रॅपी आणि ब्लूगिल हे तळहाताएवढे किंवा थोडे मोठे मासे सहा इंची भोकातून सहज वर येतात. वॉलायसाठी आठ इंच हा रूढ आकार आहे. चांगला पोसलेला वॉलाय सहा इंचातून येतो खरा, पण त्याचे तोंड भोकाच्या कडेला अडकले आणि गळ तिथे घासला गेला की मासा सुटण्याची भीती असते. मोठा नॉर्दर्न पाइक किंवा लेक ट्राउट हेच ज्यांचे लक्ष्य आहे, त्यांनी दहा इंचांचा विचार करावा. पुण्या-मुंबईकडून आलेल्या पाहुण्यांना एखाद्या रविवारी पर्च पकडून दाखवणे एवढाच हेतू असलेल्या घराने दहा इंची ऑगर घेणे म्हणजे विनाकारण ओझे वाहणे होय. नेमके ठरत नसेल, तर आठ इंची घ्यावा. बहुतेकांचे त्यावरच समाधान होते.

मोठ्या भोकाची आणखी एक बाजू आहे. दहा इंची भोकात लहान मुलाचा पाय सहज जातो आणि ताज्या बर्फभुग्याखाली ते दिसत नाही. भोकाच्या कमाल आकाराबाबत राज्याराज्यांचे नियमही आहेत. विस्कॉन्सिनमध्ये गळाच्या मासेमारीसाठी बारा इंचांहून मोठे भोक चालत नाही. परवाना घेताना मिळणारी नियमपुस्तिका एकदा वाचून घ्यावी.

पेट्रोल, प्रोपेन आणि बॅटरी यांतले काय घ्यावे?

पेट्रोलवर चालणारे ऑगर दोन प्रकारचे असतात. टू-स्ट्रोक इंजिन हलके असते, परंतु पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळावे लागते. निर्मात्याने ५०:१ प्रमाण सांगितले असेल, तर एका अमेरिकन गॅलनला सुमारे अडीच औंस तेल लागते. ४०:१ असेल तर साधारण सव्वातीन. फोर-स्ट्रोकमध्ये मिसळण्याची भानगड नसते, धूर आणि आवाज कमी असतो, पण वजन जास्त भरते आणि वाहतुकीत तो निर्मात्याने सांगितलेल्या बाजूवरच आडवा ठेवावा लागतो. नाहीतर तेल नको तिथे जाते. दोन्हींचा खरा शत्रू एकच, तो म्हणजे महिनोन्महिने टाकीत राहिलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा धरते आणि जुने पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर सोडते. मिनेसोटात अनेक पंपांवर लहान इंजिनांसाठी बिनइथेनॉलचे प्रीमियम पेट्रोल मिळते. ते थोडे महाग असले तरी ऑगरला वर्षाकाठी लागते किती? तिथे काटकसर करू नये.

प्रोपेनच्या ऑगरला छावणीच्या शेगडीला लावतात तसली एक पौंडी टाकी लागते. प्रोपेन जुना होत नाही, कार्ब्युरेटरमध्ये साठून बसत नाही आणि गाडीत पेट्रोलचा वास येत नाही. हे सगळे खरे असले, तरी प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो हे लक्षात ठेवावे. तापमान उणे तीसच्या आसपास गेले की टाकीतला दाब खूप उतरतो आणि इंजिन रडतखडत चालते. त्यामुळे टाकी गाडीतल्या उबेत ठेवून शेवटच्या क्षणी लावण्याची पद्धत आहे. ब्यूटेन मिसळलेली टाकी चुकूनही घेऊ नये. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपासच द्रव राहू लागतो, म्हणजे बर्फावर तो निरुपयोगी.

बॅटरीवर चालणाऱ्या ऑगरने गेल्या दहा-बारा वर्षांत बाजार पालटून टाकला आहे. बटण दाबले की सुरू, धूर नाही, कंपन कमी आणि बहुतेकांत उलट फिरवण्याची सोय असते, जिच्यामुळे भोकातला बर्फाचा लगदा खाली ढकलून देता येतो. ज्यांना दिवसाला दहा-वीस भोके पुरतात, त्या बहुतेक कुटुंबांना आम्ही आज बॅटरीचाच सल्ला देऊ. जे तीन-चार दिवस वीज नसलेल्या तळ्यावर मुक्काम करतात, किंवा ज्यांना तीन फुटी बर्फात दहा इंची भोके दिवसभर पाडायची आहेत, त्यांच्यासाठी पेट्रोल अजूनही उजवे आहे, कारण कॅनमधले पेट्रोल ओतायला एक मिनिट लागते आणि रिकामी बॅटरी भरायला तास.

कडाक्याच्या थंडीत बॅटरी टिकते का?

टिकते, पण पेटीवर छापलेल्या भोकांच्या संख्येवर विसंबू नये. ती संख्या बहुधा नवी पाती, नवी बॅटरी आणि सोयीचा बर्फ धरून काढलेली असते. लिथियम बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि जोर लावताच व्होल्टेज घसरते. मग बॅटरीत ऊर्जा शिल्लक असूनही संरक्षक सर्किट यंत्र बंद करते. अशा वेळी बॅटरी संपली असे समजून लोक घरी परततात. प्रत्यक्षात ती अर्धा तास कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, तर पुन्हा काही भोके पाडून देते.

उपाय साधा आहे. रात्री बॅटरी गाडीत न ठेवता घरात ठेवावी, तळ्यावर नेताना थर्माकोलच्या किंवा उष्णतारोधक कूलरमध्ये ठेवावी आणि भोके पाडून झाली की ऑगरवरून काढून पुन्हा तिथेच ठेवावी. याहून महत्त्वाची एक गोष्ट बरेच जण विसरतात: शून्य अंशाखाली गारठलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. त्या अवस्थेत चार्ज केल्यास तिच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. घरी आल्यावर ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. जेवण उरकून मग लावली तरी चालते.

घरातले ड्रिल मशीन ऑगरला जोडता येईल का?

येईल, आणि थोडक्या पैशांत चांगली सोय हवी असणाऱ्यांसाठी हा मार्ग उत्तम आहे. के-ड्रिल, स्ट्राइकमास्टरचा लाइट-फ्लाइट असे हलके ऑगर खास ड्रिलसाठीच बनवलेले असतात. परंतु भिंतीत खिळ्याला भोक पाडणारे कोणतेही ड्रिल यासाठी चालत नाही. ते ब्रशलेस असावे, त्याला अर्ध्या इंचाचा चक, म्हणजे दांडा पकडणारा जबडा, असावा आणि आडवी मूठ लावता यावी. टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, बाबतीत ऑगर बनवणारे बहुधा सात-आठशे इंच-पौंडांची किमान अट घालतात. आठ इंची ऑगरला त्याहून बरेच जास्त असलेले ड्रिल घ्यावे. मिलवॉकीचे १८ व्होल्टचे एम-१८ फ्युएल मालिकेतील मोठे ड्रिल या कामासाठी लोकप्रिय आहे, त्याचे कारणही हेच.

ड्रिल नेहमी पहिल्या, म्हणजे संथ गिअरवर चालवावे. क्लच ‘ड्रिल’च्या खुणेवर असावा आणि हॅमर ड्रिल असेल तर त्याची ठोके देणारी सोय बंद असावी. दुसऱ्या गिअरवर भोक लवकर पडते असे वाटते खरे, पण मोटर तापते आणि एखाद्या दिवशी जळालेल्या वेटोळ्याचा वास येतो.

दोन धोके स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. ऑगर बर्फात एकाएकी अडकला तर ड्रिल हातात गर्रकन फिरते आणि मनगट मुरगळते, क्वचित मोडतेही. त्यासाठी आडवी मूठ लावूनच काम करावे, दोन्ही हातांनी धरावे आणि कोपर अंगाशी ठेवावे. दुसरा धोका खिशाला आहे. कंपनांमुळे किंवा उलट फिरवताना चक सैल झाला, तर न तरंगणारा ऑगर भोकातून थेट तळ्याच्या तळाशी जातो. म्हणून चकखाली भोकापेक्षा मोठी चकती लावतात. ही चकती जोडीला येत नसेल, तर ऑगर विकत घेतानाच ती घ्यावी. नंतर घेऊ म्हटले की राहून जाते. के-ड्रिलसारखे काही ऑगर पाण्यावर तरंगतात, तरीही चकती असलेली बरी.

पात्यांचे प्रकार कोणते आणि ती ओळखायची कशी?

ऑगर म्हणजे शेवटी पाती. बाकीचे सगळे ती फिरवण्यासाठी असते. पाती ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. सरळ धारेची पाती बर्फ तासत जातात. स्वच्छ, नव्या बर्फात त्यांच्याइतके झपाझप दुसरे काही चालत नाही आणि ताकदही कमी लागते. ड्रिलच्या ऑगरवर बहुधा अशीच पाती असतात. दातेरी किंवा टोकदार पाती बर्फ फोडत जातात. ती जरा हळू चालतात, झटके देतात, परंतु कालचे पुन्हा गोठलेले भोक उघडायचे असेल किंवा बर्फात माती मिसळलेली असेल तर तीच कामाची. सरळ पात्यांनी जुने भोक उघडू पाहिले, तर ऑगर कडेला घसरतो किंवा एका बाजूने अडकतो. एका जागी कायमचा तंबू किंवा लाकडी खोपटे ठेवून दर शनिवारी तीच भोके उघडणाऱ्यांनी दातेरी पाती निवडावीत.

पाती बोथट झाली की नाही हे समजायला यंत्राकडे नव्हे, भोकाभोवती पडलेल्या चुऱ्याकडे पाहावे. धार शाबूत असताना चुरा ओल्या नारळाच्या किसासारखा लांबट, जरा जड आणि चमकदार असतो. धार गेली की पांढरी कोरडी भुकटी पडू लागते, ऑगरवर वजन टाकावे लागते आणि भोकाच्या शेवटच्या दोन इंचांत तो थरथरत थांबतो. या अवस्थेला आलेला ऑगर कमजोर आहे म्हणून बदलणारे लोक आम्ही पाहतो, तेव्हा वाईट वाटते. वीस मिनिटांत पाती बदलून तोच ऑगर नव्यासारखा चालला असता.

धार घरी कानशीने लावू नये. पात्याचा कोन अंशाने जरी बदलला, तरी ते बर्फ पकडत नाही आणि ऑगर जागच्या जागी फिरत राहतो. सुटी पाती मूळ निर्मात्याचीच घ्यावीत, दोन्ही एकाच वेळी बदलावीत आणि एक जादा जोडी डब्यात ठेवावी. किनाऱ्याजवळच्या वाळूत एकदा टेकलेले पाते तिथेच संपते. उथळ पाण्यात भोक पाडताना हे विसरू नये.

४३ सीसी आणि ५१ सीसी, ४० व्होल्ट आणि २४ व्होल्ट यांत खरोखर फरक पडतो का?

थोडासा. ३३ सीसीचे इंजिन आठ इंची ऑगर व्यवस्थित फिरवते. ४३ सीसी हा आठ आणि दहा इंचांसाठी मधला, समतोल पर्याय आहे. ५१ सीसी दहा इंची आणि जाड बर्फासाठी. बॅटरीच्या बाबतीत नुसते व्होल्ट पाहू नयेत, वॅट-तास, म्हणजे साठवलेली ऊर्जा, पाहावेत. ‘४० व्होल्ट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बॅटरीचे कार्यरत व्होल्टेज बहुधा ३६ असते. ती ५ अॅम्पिअर-तासांची असेल तर ऊर्जा १८० वॅट-तास. त्याउलट १८ व्होल्टची १२ अॅम्पिअर-तासांची ड्रिल बॅटरी २१६ वॅट-तासांची भरते. पेटीवरचा मोठा आकडा कशाचा आहे हे दुकानातच विचारून घ्यावे.

ऑगरची लांबी किती असावी?

बहुतेक ऑगर अडीच ते साडेतीन फुटांच्या आत-बाहेर कापतात. टोरंटोजवळच्या लेक सिमकोवर तेवढे भरपूर होते. लेक ऑफ द वूड्स, अपर रेड लेक किंवा लेक विनिपेगला फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असल्यास एक फुटी एक्स्टेंशन जवळ ठेवावे. एक्स्टेंशन लावूनच सुरुवात करू नये. उंच झालेला ऑगर छातीच्या वर येतो आणि ताबा सुटतो. आधी ते न लावता जमेल तेवढे खाली जावे.

वजनाला किती महत्त्व द्यावे?

बर्फावर स्नोमोबाइल किंवा गाडीने जाणाऱ्याने फारसे देऊ नये. घसरगाडी ओढत पायी जाणाऱ्याने सर्वांत जास्त द्यावे. पेट्रोलचा आठ-दहा इंची ऑगर पंचवीस ते पस्तीस पौंडांच्या घरात जातो, बॅटरीचा स्वतंत्र ऑगर साधारण वीस-बावीस पौंडांचा, तर ड्रिल आणि हलका ऑगर मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास. दुकानात तो एकदा उचलून पाहिल्याने काही कळत नाही. उचला, उभा धरा, खाली टेकवा, पुन्हा उचला. असे दहा वेळा करा आणि तेही जाड हातमोजे घालून. खटका हातमोज्यात दाबता येतो का, हेही तेव्हाच समजते.

तंबूच्या आत ऑगर चालवला तर चालेल का?

बॅटरीचा चालेल. पेट्रोलचा किंवा प्रोपेनचा नाही. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड मिनिटांत साठतो, त्याला वास नसतो आणि डोके जड झाले आहे हे समजेपर्यंत उशीर झालेला असतो. प्रोपेन ‘स्वच्छ’ जळतो म्हणून तो सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. भोके आधी पाडावीत, मग त्यावर तंबू उभारावा.

बर्फ पुरेसा जाड आहे हे ऑगरने तपासता येते का?

येते, आणि तपासलेच पाहिजे. मात्र सुरुवात ऑगरने करू नये. किनाऱ्यापासून पुढे जाताना लोखंडी पहारीने, जिला तिकडे स्पड बार म्हणतात, पावलापुढचा बर्फ ठोकत जावे आणि थोड्या थोड्या अंतरावर भोक पाडून जाडी मोजावी. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी चालण्यासाठी निदान ४ इंच, स्नोमोबाइलसाठी ५ ते ७ इंच आणि लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा. पांढरा, बर्फभुगा मिसळून गोठलेला बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे. झरे, ओढ्यांची तोंडे आणि पुलांच्या आसपास कोणताच आकडा धरू नये, तिकडे जाऊच नये. गळ्यात बर्फात रुतवायच्या टोकदार मुठी असाव्यात, बरोबर दोर असावा आणि माणूसही असावा.

ऑगर मध्येच अडकला तर काय करावे?

बहुतेक वेळा दोष घाईचा असतो. ऑगर सरळ उभा धरावा, त्याला आपल्या वजनाने खाली जाऊ द्यावे आणि वरून दाबू नये. पाणी लागल्याचा आवाज आला की तो फिरता ठेवूनच सरळ वर घ्यावा, म्हणजे चुराही बाहेर येतो. तिरपा झालेला ऑगर ओढून निघत नाही. बॅटरीचा असेल तर उलट फिरवावा, पेट्रोलचा असेल तर इंजिन बंद करून दांडा हाताने उलट वळवावा. ऑगर भोकात उभा ठेवून गप्पा मारायला जाऊ नये, तो तिथेच गोठतो.

पात्यांवर बर्फ चढला, तर ऑगर तळ्यावर आपटू नये. उबदार गाडीतून काढलेला ऑगर थेट बर्फभुग्यात ठेवला की भुगा वितळून पात्यांवर पुन्हा गोठतो आणि धार झाकून टाकतो. म्हणून तो काही वेळ आधी बाहेर थंड होऊ द्यावा.

जुना ऑगर विकत घेणे शहाणपणाचे आहे का?

पेट्रोलचा असेल तर पूर्ण थंड अवस्थेत सुरू करून दाखवायला सांगावे. तुम्ही पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेले असेल, तर समजून घ्यावे. गिअरच्या खोक्यातून वंगण गळते आहे का, दांडा वाकडा आहे का, पात्यांचे बोल्ट गंजून बसले आहेत का, हे पाहावे. जुन्या अनेक ऑगरांवर टेकुम्सेहची इंजिने असतात; त्या कंपनीने २००८ च्या अखेरीस इंजिनांचे उत्पादन थांबवले, त्यामुळे सुटे भाग शोधत फिरण्याची तयारी असेल तरच ती घ्यावीत. बॅटरीचा जुना ऑगर घेताना नव्या बॅटरीची किंमत आधी विचारावी, ती अजून मिळते का हे पाहावे आणि मग सौदा करावा. स्वस्त ऑगर आणि महाग बॅटरी हा आगीतून फुफाट्यात पडण्याचा प्रकार होतो.

कोणती कंपनी चांगली?

एकच नाव घेणे योग्य होणार नाही. जिफीचे ऑगर विस्कॉन्सिनमधल्या शेबॉयगन फॉल्सचे, एस्किमो आणि आयॉन ही नावे त्याच राज्यातल्या कंबरलंड येथील आर्डिसॅम कंपनीची, स्ट्राइकमास्टर आणि मोरा आइस २०१२ मध्ये फिनलंडच्या रापाला कंपनीकडे गेले, क्लॅम मिनेसोटाची. या सगळ्यांचे चांगले ऑगर आहेत. निवड करताना आपल्या घराजवळच्या दुकानात कुणाची पाती भिंतीवर टांगलेली दिसतात, दुरुस्ती कोण करतो आणि आपल्याकडे आधीपासून कोणत्या कंपनीच्या ड्रिलच्या बॅटऱ्या आहेत, या तीन गोष्टी आम्ही नावापेक्षा वर ठेवतो.

विमानाने दुसऱ्या प्रांतात मासेमारीला जाताना ऑगर नेता येतो का?

पाती आणि दांडा सामानात जातात, प्रश्न बॅटरीचा असतो. १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, १०० ते १६० वॅट-तासांची विमान कंपनीच्या परवानगीने, आणि त्याहून मोठी प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे ४० व्होल्ट, ५ अॅम्पिअर-तासांची ऑगरची बॅटरी घरीच राहणार. पण १८ व्होल्ट, ५ अॅम्पिअर-तासांची ड्रिलची बॅटरी ९० वॅट-तासांची असल्याने बरोबर येऊ शकते. सुटी बॅटरी चेक-इन सामानात टाकू नये. पेट्रोलचा वास येणारे, वापरलेले इंजिन विमानतळावर अडवले जाण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा तिथे भाड्याने घेणे सोयीचे.

हिवाळा संपल्यावर ऑगर कसा ठेवावा?

पात्यांवरून पाणी पुसून पूर्ण कोरडे करावे, तेलाचा हलका हात फिरवावा आणि संरक्षक झाकण लावावे. गॅरेजमध्ये मुले वावरत असतील तर झाकणाशिवाय ऑगर कधीच उभा करू नये. पेट्रोलच्या ऑगरची टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. स्पार्क प्लग काढून पाहावा आणि काळवंडला असेल तर बदलावा. प्रोपेनची टाकी काढून घराबाहेर ठेवावी. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण निम्मी भरून घरात, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासावी. पाती बदलायची असतील तर ती मार्चमध्येच मागवावीत; डिसेंबरमध्ये पहिला बर्फ धरला की आठ इंची पात्यांचा खण सर्वांत आधी रिकामा होतो.